चोरून मोजलेला श्वास

"शालन, तू ये. या टेबलावर आडवी हो. काही करायचं नाही, नुसता श्वास घ्यायचा," चोपडे सिस्टर म्हणाल्या.

आजवरच्या परीक्षांतली ही सगळ्यात सोपी, असं मला वाटलं. श्वास घ्यायला काय अक्कल लागते? मी ऐटीत टेबलावर आडवी झाले. सिस्टरनी मेहरून मुल्लाला माझ्या उशाशी उभं केलं, तिच्या हातात घड्याळ दिलं आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, की आता मेहरून शालनचे श्वास मोजणार आहे, बाकीच्यांनीही मोजावेत. सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला आणि माना पुढं काढून माझ्या छातीकडं बघायला लागला. त्याच क्षणी श्वास कसा घेतात ते मी साफ विसरले. एक घेतला तो फार मोठा झाला, म्हणून पुढचा लहान घेतला. मग एक घ्यायचाच राहून गेला, तो भरून काढायला दोन लागोपाठ घेतले. शेवटी मला ठसका लागला आणि पोरी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मेहरूनचा आकडा एक, तिच्या शेजारणीचा दुसरा, आणि तिसरीनं तर मोजणं कधीच सोडून दिलं होतं.

"बघितलंत?" सिस्टर म्हणाल्या. "ताप माणसाला लपवता येत नाही. नाडी लपवता येत नाही. श्वास तेवढा थोडा वेळ लपवता येतो. कुणी मोजतंय असं कळलं, की तो आपला राहतच नाही. म्हणून श्वास नेहमी चोरून मोजायचा."

मग त्यांनी ती युक्ती शिकवली. आधी रोग्याची नाडी मोजायची. ती मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर घड्याळावरच ठेवायची आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून छातीची वरखाली मोजायची. रोग्याला वाटलं पाहिजे, पोरगी अजून नाडीच बघतेय.

मेहरून फार सरळ मुलगी. तिनं विचारलं, की म्हणजे रोग्याला फसवायचं का?

"फसवायचं नाही गं. हात धरून ठेवायचा. आजारी माणसाला हात धरलेला कधी नको असतो होय?"

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. गडहिंग्लजला एका ट्रस्टचा दवाखाना होता आणि त्याला जोडून नर्सिंगची शाळा. मी आजऱ्याच्या पलीकडच्या एका वाडीतली. घरात घनसाळ तांदळाचा वास आणि काजूच्या चिकानं काळे झालेले हात एवढंच माहीत असलेली. बाबांना माझं नर्स होणं पसंत नव्हतं. परक्या माणसांची अंगं पुसायला पोरगी शिकवायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी हट्टानं आले होते आणि आल्यापासून चोपडे सिस्टरच्या मागं मागं होते.

प्रेमला चोपडे. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, छातीवर पिनेनं उलटं लटकवलेलं घड्याळ. लग्न केलं नव्हतं. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या आणि दारातल्या लिंबाच्या झाडाशी आमच्याइतकंच कडक बोलायच्या. त्यांची वाक्यं फार लांब असत. एक वाक्य वर्गात सुरू व्हायचं, जिना उतरायचं आणि वॉर्डाच्या दारात जाऊन संपायचं. आम्ही वसतिगृहात त्यांची नक्कल करायचो, पण इतकं लांब वाक्य एका दमात कुणालाच जमायचं नाही.

सहा महिने झाले, की पहिल्या वर्षाच्या मुलींना टोपी मिळायची. खळ घातलेली पांढरी टोपी, हातात दिवा, शपथ आणि समोर आईबाप. ती टोपी प्रत्येकीच्या केसांत सिस्टर स्वतः बसवायच्या. पिन लावता लावता त्या मुलीच्या कानात काहीतरी सांगायच्या. काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वरच्या वर्गातल्या मुलींना आम्ही लाडीगोडी लावून बघितली, धमकावूनही बघितलं; त्या नुसत्या हसायच्या आणि म्हणायच्या, तुमची वेळ आली की कळेल. मला रात्रंदिवस त्याचा ध्यास लागला होता. माझ्यासाठी सिस्टर काहीतरी वेगळं सांगतील अशी मनातून खात्रीही होती. आमची तुकडी त्यांची शेवटची, टोप्या झाल्या की त्या निवृत्त होणार होत्या.

एका शनिवारी टोप्या मिळायच्या होत्या, आणि आदल्या आठवड्यात सिस्टर तापानं आडव्या झाल्या.

छातीत कफ धरला होता. मेट्रनबाईंनी स्पेशल खोली उघडून दिली, पण सिस्टरनी बायकांच्या वॉर्डातली खिडकीजवळची खाट मागून घेतली. त्यांचं म्हणणं, खोलीत पडून छत बघण्यापेक्षा इथं पडून पोरींचं काम बघते. आणि त्यांनी हुकूम काढला, की त्यांचा ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब पहिल्या वर्षाच्या मुलींनीच बघायचा. "माझ्यावर हात बसवा. मी ओरडेन, पण मरणार नाही," असं म्हणाल्या.

त्या ओरडायच्याही. थर्मामीटर नीट झटकला नाही, की खाटेवरून आवाज यायचा. रक्तदाबाचा पट्टा कोपराला टेकला, की त्या हात काढून घ्यायच्या आणि परत बांधायला लावायच्या. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या आजींना त्याची एवढी गंमत वाटायची, की आमच्यापैकी कुणी आलं की त्या उठूनच बसायच्या. इंजेक्शनांनी ताप उतरला. नाडी जलद होती, पण छाती मोकळी करायला दिलेल्या दम्याच्या औषधानं ती जलद होतेच, असं डॉक्टर मगदूम म्हणाले. ते तरुण होते, हुशार होते, आणि सिस्टरपुढं विद्यार्थ्यासारखेच उभे राहायचे. शुक्रवारी घरी सोडतो, शनिवारी टोप्या घाला, असं त्यांनी कबूल केलं. आमचा जीव भांड्यात पडला.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती बाजाराच्या दिवशी. गडहिंग्लजला मिरचीचा मोठा बाजार. मिरचीच्या हंगामात वारा तिकडून सुटला, की सगळं गाव खोकायचं. त्या दिवशी वारा नेमका दवाखान्यावर आला. वॉर्डात एकही बाई धड श्वास घेत नव्हती. सगळ्या पदर नाकाला लावून शिंकत-खोकत होत्या, आणि श्वास मोजता मोजता आमच्या नाकी नऊ आले होते. सगळ्या तक्त्यांवर आकडे वर गेले. सिस्टरच्या तक्त्यावर मात्र मिनिटाला अठरा, धडधाकट माणसाचा आकडा. आदल्या दिवशी अठरा, सकाळी अठरा, मिरचीच्या वाऱ्यातही अठरा. ज्यांच्या छातीत कफ होता, त्यांचाच श्वास तेवढा घड्याळासारखा चालला होता.

दुपारी मी त्यांच्या खाटेशी थर्मामीटरची डबी विसरले आणि ती आणायला परत वळले. सिस्टर एका हातानं खाटेची दांडी धरून बसल्या होत्या. तोंड उघडं, खांदे वरखाली, घाट चढून आलेल्या बाईसारखा दम लागलेला. मला बघताच त्यांनी तोंड मिटलं, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि हसल्या. "काय गं," म्हणाल्या. थोड्या वेळानं, "विसरलीस?" आणि आणखी थोड्या वेळानं, "नेहमीसारखं." मी डबी घेऊन बाहेर आले आणि जिन्यात उभी राहिले. त्यांचं एवढंसं वाक्य तीन तुकड्यांत आलं होतं.

वॉर्डाच्या इन्चार्जबाईंना सांगितलं, तर त्या वैतागल्या. आपण स्वतः सकाळी मोजला, अठराच आहे, पहिल्या वर्षातल्या पोरीनं शहाणपणा शिकवू नये, असं त्यांनी सुनावलं. पण बाई तशा वाईट नव्हत्या. मी जायला निघाले तेव्हा म्हणाल्या, की तुला वेगळा आकडा मिळाला तर घेऊन ये, मी डॉक्टरांना लगेच बोलावते.

वेगळा आकडा मिळणार कसा, हीच तर अडचण होती. श्वास चोरून मोजायचं ज्यांनी शिकवलं, त्यांचाच श्वास चोरून मोजायचा होता. आम्ही मनगट धरलं, की त्या तयारीत असायच्या. नाडी संपून श्वास कधी सुरू होतो, आमची नजर कधी हलते, सगळं त्यांना पाठ. लांबून मोजावं, तर पांघरूण गळ्यापर्यंत आणि खाट अशी, की दारातून येणारी मांजरही त्यांना आधी दिसायची. रात्री झोपेत मोजावं, तर पहिल्या वर्षाला रात्रपाळी नव्हती, आणि रात्रीच्या नर्सला त्यांनीच सांगून ठेवलं होतं की मला उठवू नकोस, सकाळी मोज. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं मान डोलावली.

मेहरूनला मी सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शनिवार तोंडावर आलाय, शालन. दोन दिवस थांबलीस तर काय बिघडेल? त्यांची शेवटची तुकडी आहे. त्यांना टोप्या घालू दे की."

मलाही तेच हवं होतं, हे तिला सांगायची गरज नव्हती. मी घरी पत्र टाकलं होतं, की मोठ्या सिस्टर आपल्या हातानं टोपी घालतात, तुम्ही या. बाबा येणार होते. आणि ते कानातलं वाक्य. दोन दिवस डोळे झाकले, की सगळं मिळत होतं. मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. दर वेळी डोळ्यांपुढं खाटेची दांडी धरलेला तो हात यायचा.

गुरुवारी दुपारी माझी पाळी होती. मी ताप बघितला, रक्तदाब बघितला, नाडी मोजली, मनगट तसंच धरून ठेवलं आणि श्वास मोजला. अठरा. सिस्टर चष्म्यावरून माझ्याकडं बघत होत्या, परीक्षकानं बघावं तशा.

"मिळाला?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले आणि तक्ता खाली ठेवला. मग जे ठरवून आले होते ते बोलले.

"सिस्टर, माझीच नाडी जरा बघता का? सकाळपासनं मधेच एक ठोका चुकतोय असं वाटतंय."

त्यांचा चेहरा एका क्षणात बदलला. खाटेवरची आजारी बाई गेली आणि आमच्या ट्यूटर आल्या. मला खाटेच्या कडेवर बसायला लावलं, बोलू नकोस म्हणाल्या, उशीखालचं घड्याळ काढलं आणि उठून नीट बसल्या. पांघरूण मांडीवर घसरलं, तिकडं त्यांचं लक्षही गेलं नाही. त्यांची तीन बोटं माझ्या मनगटावर अगदी बरोबर जागी येऊन बसली.

ठोका चुकतोय असं मी मुद्दाम सांगितलं होतं. ठोका चुकत असेल तर अर्ध्या मिनिटावर थांबून आकडा दुप्पट करायचा नाही, नाडी पूर्ण मिनिट मोजायची, हे त्यांचंच शिकवणं. सिस्टरची नजर घड्याळावर, ओठ मिटलेले, सगळा जीव माझ्या ठोक्यांत. आणि आपला श्वास सांभाळायचा त्या विसरल्या. ओठ हळूहळू उघडले. खांदे उचलले जायला लागले. गळ्याखालची खळी दर श्वासाला आत ओढली जात होती. मी मोकळ्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजत होते. घड्याळ त्यांचं होतं, मिनिटही त्यांचंच होतं.

मिनिट संपलं. सिस्टरनी मान वर केली.

"ठोका एकही चुकत नाही," त्या म्हणाल्या. "पण नाडी एकशे दहा. घाबरलीस कशाला एवढी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या दुसऱ्या हाताकडं. अंगठा अजून पेरावरच होता. मग मांडीवर घसरलेल्या पांघरुणाकडं बघितलं. सगळं त्यांच्या लक्षात आलं, तेही मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

"किती?"

"चौतीस."

आता थोबाडीत बसणार, असं मला वाटलं. सिस्टर हसायला लागल्या. हसताना खोकला आला, खोकताना डोळ्यांत पाणी आलं. चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "चोरून मोजलास?"

"तुम्हीच शिकवलंय."

"मग हे पण मीच शिकवलंय. एवढा वेगळा आकडा एकदा मोजून लिहायचा नाही. परत मोज."

त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं, उशीला टेकल्या आणि डोळे मिटले. मग त्यांनी श्वास मोकळा सोडला. मला तो क्षण आजही जसाच्या तसा आठवतो. बरेच दिवस मुठीत दाबून धरलेलं काहीतरी त्यांनी उघडून माझ्यापुढं ठेवलं होतं. तोंड उघडं, नाकपुड्या फुललेल्या, पोट आत-बाहेर, आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीकसा आवाज. एवढं सगळं त्या आमच्यापुढं एकट्यानंच दाबून ठेवत होत्या. या वेळी छत्तीस भरले.

"आता बघतेच आहेस तर हे पण बघ," असं म्हणून त्यांनी पायांवरची चादर बाजूला केली. पाऊल सुजून गुळगुळीत झालं होतं. "दाब अंगठ्यानं. दाबलंस? आता काढ. खड्डा राहतो का बघ. आणि किती वेळ राहतो, ते पण लक्षात ठेव."

मी दाबलं. खड्डा राहिला. मला रडू कोसळलं आणि मी तशीच, पाऊल धरून, रडायला लागले.

सिस्टरनी चादर परत पायांवर ओढली. मग तुकड्या-तुकड्यांनी बोलल्या, आणि त्यांना कधी कुणापुढं विनवणी करताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"दोन दिवस, शालन. शनिवारपुरते. तुमच्या टोप्या होऊ देत. मग मी स्वतः सांगते मगदूमना."

वॉर्ड दुपारचा पेंगत होता. पलीकडच्या आजीसुद्धा घोरत होत्या. कुणाला कळणार नव्हतं. मेहरून म्हणाली होती तेच, माझ्या मनात होतं तेच, आता सिस्टरच मागत होत्या.

"न्हाई, सिस्टर," मी म्हणाले. सहा महिने घासूनपुसून त्यांनी माझं 'नाही' केलं होतं; त्या घटकेला वाडीतलं 'न्हाई'च तोंडातून आलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावल्या की बरं वाटलं, ते मला त्या वेळी कळलं नाही. तक्ता उचलून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला.

"मग रडत काय बसलीस? लिही. आणि नीट अक्षरात लिही."

इन्चार्जबाईंनी आकडा बघितला आणि तशाच डॉक्टरांकडं धावल्या. डॉक्टर मगदूम आले, पाऊल बघितलं, मानेच्या शिरा बघितल्या, बसवून, वाकवून बराच वेळ छाती ऐकली. हृदयाचं काम कमी पडत होतं आणि फुप्फुसांत पाणी साठत होतं. उतरत्या तापाच्या मागं ते लपून राहिलं होतं. संध्याकाळच्या आत सिस्टरना मिरजेला हलवायचं ठरलं. जाताना डॉक्टर माझ्याजवळ थांबले. "मी उद्या त्यांना घरी सोडणार होतो," एवढंच म्हणाले आणि रुमालानं कपाळ पुसत गाडीत बसले.

गाडी निघाली तेव्हा सगळ्या मुली फाटकापाशी होत्या. सिस्टरनी आतून हात वर केला. गाडी दिसेनाशी झाली आणि मुली वसतिगृहाकडं वळल्या. माझ्याशी कुणी बोललं नाही. मी केलं ते बरोबर होतं, हे त्यांनाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि शेवटची तुकडी असूनही सिस्टरच्या हातची टोपी न मिळणं वेगळं. मला त्यांचा राग आला नाही. मला माझाच आला होता. रात्री जेवायला मी कोपऱ्यात बसले, तेव्हा मेहरून आपलं ताट उचलून माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं आपल्या वाटणीचं लोणचं माझ्या ताटात वाढलं.

शनिवारी टोप्या झाल्या. पाहुणे ठरले होते, मांडव घातला होता, दिवस पुढं ढकलायला मेट्रनबाई तयार झाल्या नाहीत. त्यांनीच भराभर टोप्या घातल्या. माझी वाकडी बसली. दिवा हातात धरून शपथ म्हणताना सगळ्यांत आधी मी रडले, आणि समोर बसलेल्या बाबांना वाटलं, पोरीला आनंद झाला. ते परत जाताना म्हणाले, बरं दिसतंय की गं डोक्यावर. त्यांच्याकडून एवढं ऐकायला मी सहा महिने झुरले होते, आणि त्या दिवशी ते कानावरून नुसतं निघून गेलं.

मिरजेहून बातम्या यायच्या. दोन दिवस फार वाईट गेले. मग पाणी उतरलं. मग सिस्टर खाटेवर बसायला लागल्या. महिन्याभरानं एका रविवारी मेहरून म्हणाली, की आपण जाऊन येऊ. मी म्हणाले, कुठल्या तोंडानं जाऊ? तिनं माझं काही ऐकलं नाही. आपली टोपी तिनं वर्तमानपत्रात गुंडाळली, माझ्या ट्रंकेतून माझीही काढली आणि पिशवीत घातली. पहाटेची एसटी पकडून, निपाणीला गाडी बदलून, आम्ही दुपारी मिरजेला पोचलो.

सिस्टर निम्म्या झाल्या होत्या. चष्मा तेवढा पहिल्याएवढाच होता. पावलांवरची सूज उतरून हाडं दिसायला लागली होती. आम्हाला बघताच त्यांनी आधी विचारलं, कुणाच्या परवानगीनं आलात? मग लिंबाला पाणी कोण घालतं, आजी घरी गेल्या का, नवीन ट्यूटर रक्तदाबाचा पट्टा कुठं बांधायला शिकवतात, हे सगळं एकाच लांबलचक वाक्यात विचारलं. कुठंही न थांबता. मी आणि मेहरूननं एकमेकींकडं बघितलं. इतकं सुंदर वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मेहरूननं पिशवीतून टोप्या काढल्या. सिस्टरनी टोप्यांकडं बघितलं आणि त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी मेहरूनला जवळ बसवलं, वेणी सारखी केली, टोपी ठेवली, पिना लावल्या आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. मेहरूननं डोळे मोठे केले आणि फिस्सकन हसली. हसता हसता रडायला लागली. काय सांगितलं, असं मी खुणेनं विचारलं, तर तिनं वरच्या वर्गातल्या मुलींसारखी नुसती मान हलवली.

मग माझी पाळी आली. मी खाली मान घालून बसले. टोपी बसली, अगदी सरळ. पिना लागल्या. सिस्टरचा श्वास माझ्या कानाला लागला, शांत आणि सावकाश, आणि त्यांनी विचारलं:

"जेवलीस काय?"

मी वळून त्यांच्याकडं बघतच राहिले. हेच ते? यासाठी मी वरच्या वर्गातल्या मुलींचे कपडे धुऊन दिले होते?

"माझ्या पहिल्या तुकडीतली एक पोर उपाशीपोटी आली आणि दिवा घेऊन धाडकन पडली," सिस्टर म्हणाल्या. "आनंदात पोरी जेवायच्या विसरतात. दुःखात तर विसरतातच. तेव्हापासनं विचारते. आता सांग, जेवलीस काय?"

नव्हते जेवले. नुसतं सकाळपासून नाही, त्या गुरुवारपासूनच मी धड अशी जेवले नव्हते. मी नकारार्थी मान हलवली. सिस्टरनी माझा हात ओढून घेतला, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि उशाजवळचं घड्याळ उचललं. त्यांची नजर घड्याळावर स्थिर झाली.

एक मिनिट झालं. नाडी मोजायला एवढा वेळ पुरतो. सिस्टरनी हात सोडला नाही. नजर घड्याळावरच होती, पण भिंगाच्या कडेनं त्या कुठं बघत होत्या, ते मला माहीत होतं. त्यांनी मनगट तसंच धरून ठेवलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे मी त्यांना कळू दिलं नाही. माझा श्वास अडखळत होता, मधेच तुटत होता, हुंदक्यासरशी वर जात होता. मी तो सांभाळला नाही. जसा येत होता तसा येऊ दिला, आणि त्या मोजत राहिल्या.